ॲग्नेस, ॲन आणि एक मेंढपाळ

विल्यम शेक्सपिअरच्या बायकोचं माहेर कोणतं, हा प्रश्न वरवर पाहता प्रश्नच वाटत नाही. शेक्सपिअरच्या गावाला, स्ट्रॅटफर्डला लागून असलेल्या शॉटरी या वस्तीत गवताने शाकारलेलं एक जुनं घर आहे. ‘ॲन हॅथवेचं घर’ म्हणून ते दाखवलं जातं आणि लोक तिकीट काढून बघूनही येतात. पण शेक्सपिअरची बायको ही याच घरातली मुलगी, असं एका वाक्यात सांगणारा कागद आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. आहे ते सगळं तुकड्यातुकड्यांनी आहे: बापाचं मृत्युपत्र, बिशपच्या कचेरीतल्या दोन नोंदी, चर्चची वही, थडग्यावरचा पितळी पत्रा आणि एका मेंढपाळाने मरताना करून ठेवलेली व्यवस्था. हे तुकडे एकमेकांना लागतात का, एवढंच इथे पाहायचं आहे. नाटककार म्हणून तो केवढा होता याच्याशी या प्रकरणाला कर्तव्य नाही. नाव मोठं असल्यामुळे त्याच्या भोवतालचा कागद न् कागद चाळला गेला, हा मात्र आपला फायदा. एरवी एका शेतकऱ्याच्या मुलीसाठी एवढी खटपट कोण करतो?

पूर्वज शोधणारा माणूस पहिला चर्चच्या वहीकडे धावतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवावं, असा हुकूम इंग्लंडात १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने काढला. सुरुवातीच्या वह्या कागदाच्या होत्या, त्या फाटल्या, भिजल्या, हरवल्या. म्हणून १५९८ मध्ये दुसरा हुकूम झाला: जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्या, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या तरी. राणी गादीवर आली १५५८ मध्ये. त्या ‘निदान’ने घात केला. नक्कल करणाऱ्यांनी मागच्या वीस वर्षांचं ओझं अंगावर घेतलं नाही, आणि कितीतरी गावांच्या वह्या आज १५५८ पासून सुरू होतात. स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चची वहीही त्यातलीच. १५५८ पासून १६०० पर्यंत तिच्यात अक्षर एकाच हाताचं, आणि पानांखाली व्हाइकर, म्हणजे तिथला पाद्री, रिचर्ड बायफील्डची सही. म्हणजे शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची २६ एप्रिल १५६४ ची जगप्रसिद्ध नोंदसुद्धा मूळ नव्हे, छत्तीस वर्षांनंतरची नक्कल आहे.

या वहीत आपल्याला हवी ती गोष्ट नाही. विल्यमचं लग्न तिच्यात नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही चर्चच्या वहीत ते सापडलेलं नाही. मुलांच्या नोंदी आहेत: सुझॅना २६ मे १५८३, हॅम्नेट आणि ज्युडिथ ही जुळी २ फेब्रुवारी १५८५. पण प्रत्येक वेळी ‘विल्यम शेक्सपिअरची मुलगी’, ‘विल्यम शेक्सपिअरचा मुलगा आणि मुलगी’ एवढंच. आईचं नाव लिहायची पद्धतच नव्हती.

जुळ्यांच्या नोंदीपाशी जरा थांबायला हवं. वहीत साल १५८४ आहे, १५८५ नाही. त्या काळी इंग्लंडात वर्ष बदलायचं २५ मार्चला, त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले साडेतीन आठवडे जुन्या सालातच मोडत. नवख्या माणसाने हे ध्यानात न घेता आकडे मांडले तर थोरली मे १५८३ ची आणि जुळी फेब्रुवारी १५८४ ची ठरतात. अंतर जेमतेम आठ-नऊ महिन्यांचं, आणि गंमत म्हणजे ते अशक्यही वाटत नाही, त्यामुळे चूक खपून जाते. खरं अंतर वीस महिन्यांचं आहे. आपल्याकडे शकाच्या कागदावर काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही. वर्ष पाडव्याला बदलतं, म्हणून शकात कधी ७८ मिळवायचे, कधी ७९, हा हिशेब त्याच्या बोटांवर असतो. इंग्लंडच्या १७५२ पूर्वीच्या कागदांना तोच चष्मा लावायचा.

वहीने हात टेकले की मृत्युपत्रांकडे वळायचं. शॉटरीत रिचर्ड हॅथवे नावाचा एक शेतकरी होता. घराण्याला गार्डनर असं दुसरं आडनावही होतं, तेव्हा शोध घ्यायचा तर दोन्ही नावांखाली. त्याने १ सप्टेंबर १५८१ ला मृत्युपत्र केलं आणि आठवड्याभरात तो गेला. सरकारी दप्तर असं सुरेख बोलत नाही जसं हे मृत्युपत्र बोलतं. थोरल्या बार्थोलोम्यूने आईच्या बरोबरीने शेत सांभाळावं. मुलगी ॲग्नेस हिला लग्नाच्या दिवशी ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स द्यावेत. कॅथरिनलाही तेवढेच. धाकट्या मार्गारेटला सतरावं लागल्यावर तेवढेच. हा आकडा विचित्र दिसतो, पण तेव्हाच्या हिशेबात तो अगदी पुरा आकडा आहे: १३ शिलिंग ४ पेन्सचा एक मार्क, असे बरोबर दहा मार्क. मुलीच्या लग्नासाठी दहा मार्क बाजूला काढणारं घर म्हणजे श्रीमंत नव्हे, पण खाऊन-पिऊन सुखी.

घोटाळा लगेच दिसतो. मृत्युपत्रात ॲग्नेस आहे, ॲन नाहीच.

आता वुस्टरला जाऊ. स्ट्रॅटफर्ड तेव्हा वुस्टरच्या बिशपच्या हद्दीत होतं, आणि लग्नाचा खास परवाना तिथेच मिळायचा. एरवी लागोपाठ तीन रविवारी किंवा सणांच्या दिवशी चर्चमध्ये लग्न जाहीर करावं लागे, कुणाची हरकत असेल तर ती पुढे यावी म्हणून. पण १५८२ साली २ डिसेंबरपासून नाताळपूर्व काळ लागत होता. तेव्हापासून १३ जानेवारीपर्यंत अशा घोषणा बंद. नवरी तीन महिन्यांची गरोदर होती, नवरा अठरा वर्षांचा, म्हणजे कायद्याने अज्ञान. थांबायला सवड नव्हती. परवाना घेतला की एका घोषणेवर काम भागत होतं.

परवान्याच्या निमित्ताने दोन नोंदी झाल्या, एका दिवसाच्या अंतराने. २७ नोव्हेंबर १५८२ ला बिशपच्या वहीत कारकुनाने लॅटिनमध्ये लिहिलं की विल्यम शॅक्सपिअर आणि टेंपल ग्राफ्टनची ॲन व्हेटली यांना परवाना दिला. दुसऱ्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, एक जामीनकतबा झाला: या लग्नात पुढे काही कायद्याची अडचण निघाली तर बिशपला तोशीस लागू नये म्हणून ४० पौंडांची हमी. त्यात नवरी आहे ‘स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे, कुमारिका’. कालपर्यंत व्हेटली, आज हॅथवे. काल टेंपल ग्राफ्टन, आज स्ट्रॅटफर्ड.

एवढ्या भांडवलावर लोकांनी एक अख्खी प्रेमकथा उभी केली. विल्यमचं मन म्हणे व्हेटलीच्या मुलीवर होतं, परवानाही तिच्यासाठीच काढला होता, पण हॅथवेच्या माणसांनी त्याला गाठून आपल्या मुलीच्या गळ्यात बांधलं. वाचायला झकास आहे. पण जुने कागद वाचणाऱ्याने पहिला संशय कारकुनावर घ्यावा, नवरदेवावर नव्हे. परवान्याची नोंद झाली त्याच दिवशी वुस्टरच्या धर्मन्यायालयात बरीच प्रकरणं चालली, आणि त्यातल्या एकात क्रोल गावचा व्हाइकर चर्चला द्यायच्या धान्याच्या हिश्श्यावरून भांडत होता. त्याचं नाव विल्यम व्हेटली. हाताखालून ते आडनाव गेलेलं, कान त्या नावाने भरलेले, आणि पुढच्या ओळीत ‘विल्यम’ आलाच. याच कारकुनाने इतरत्र बार्बरचा बेकर करून ठेवल्याचंही अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. जामीनकतब्याचं तसं नाही. त्यात पैसा अडकलेला होता, जामीन राहणारी माणसं समोर उभी होती, आणि नवरीचं नाव चुकलं असतं तर हमीच निकामी झाली असती. दोन कागद भांडायला लागले की कोणत्या कागदात चूक महाग पडली असती ते पाहावं, तो कागद खरा धरावा. या प्रकरणात मी निःशंकपणे जामीनकतब्याच्या बाजूने आहे.

टेंपल ग्राफ्टनचं गाव मात्र कारकुनाच्या डोक्यातून आलेलं नसावं. लग्न बहुधा तिथे लागायचं होतं. स्ट्रॅटफर्डच्या पश्चिमेला पाचेक मैलांवरचं ते गाव. तिथला पाद्री जॉन फ्रिथ म्हातारा होता, जुन्या कॅथलिक वळणाचा, आणि जखमी ससाण्यांवर औषधोपचार करण्यात त्याचा हातखंडा होता. १५८६ साली प्युरिटनांनी, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंटांनी, केलेल्या एका पाहणीत त्याची अशी टिंगल केलेली आहे. जास्त चौकशा न करणारा पाद्री म्हणून त्याची निवड झाली असेल. त्याच्या चर्चची त्या काळातली लग्नाची वही उरलेली नाही.

तर नाव हॅथवे पक्कं झालं. पण कुठलं हॅथवे? आणि ॲग्नेसचं काय?

इथे जामीनकतबा पुन्हा हातात घ्यायचा, आणि यावेळी नवरा-नवरी सोडून जामीन कोण राहिलं ते वाचायचं. फुल्क सँडेल्स आणि जॉन रिचर्डसन, दोघेही शॉटरीतले शेतकरी. मग परत रिचर्ड हॅथवेच्या मृत्युपत्राच्या तळाशी जायचं. मृत्युपत्राप्रमाणे सगळं होतंय ना यावर देखरेख करायला रिचर्डने दोन विश्वासू शेजारी नेमले होते, त्यातला एक फुल्क सँडेल्स. साक्षीदारांच्या यादीत जॉन रिचर्डसन. ज्या दोघांवर बापाने मरताना भिस्त ठेवली, तेच दोघे चौदा महिन्यांनी वुस्टरला जाऊन मुलीच्या लग्नासाठी ४० पौंडांचा धोका पत्करतात. आणि त्या मुलीला लग्नाच्या दिवशी दहा मार्क मिळायचे आहेत, ते मिळताहेत ना हे बघण्याची जबाबदारी त्यातल्या एकाच्याच शिरावर आहे. नवऱ्याकडचं कुणी जामीन नाही, विल्यमचा बाप जॉनसुद्धा नाही. हे सगळं योगायोगाने जुळलं असं मानायला फार मोठी श्रद्धा लागेल.

हीच या प्रकरणातली खरी कळ आहे. वंशावळ लिहायला बसलेले बरेच जण मृत्युपत्रातून आपल्या आडनावाची माणसं वेचतात आणि बाकीचा कागद टाकून देतात. साक्षीदार, जामीन, देखरेख करणारे, देणेकरी, घेणेकरी, यांची यादी त्यांना फापटपसारा वाटतो. पण आडनावं बदलतात, कारकून चुकतात, मुली दुसऱ्या घरी जातात. शेजार मात्र पिढीभर तोच असतो. नावाची ओळख पटत नसेल तर माणसाभोवतीच्या माणसांवरून पटवायची. गोव्यातल्या किंवा वसईतल्या कॅथलिक चर्चच्या वह्या ज्यांनी उलगडल्या आहेत त्यांना ही सवय आपोआप लागते, कारण कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ मध्ये घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे त्या वह्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममाता-धर्मपित्यांची नावं असतात, आणि ती बहुतेक करून आते-मामे-शेजारपाजारातलीच. इंग्लंडच्या वहीत ती सोय नाही. तिथे ते काम मृत्युपत्रं करतात.

ॲग्नेसचा गुंता त्यामानाने सोपा. त्या काळी ॲग्नेसचा उच्चार ‘ॲनिस’च्या जवळपास व्हायचा आणि ॲग्नेस-ॲन ही एकाच नावाची दोन रूपं म्हणून सर्रास वापरली जात. लंडनच्या नाटकधंद्यातला मोठा असामी फिलिप हेन्स्लो याने मृत्युपत्रात बायकोला ॲग्नेस म्हटलं आहे, पण तिच्या दफनाची नोंद ॲन या नावाने आहे. एकच बाई, दोन कागद, दोन नावं. म्हणून शॉटरीची ॲग्नेस वुस्टरला ॲन झाली यात नवल नाही. मात्र ‘होऊ शकतं’ आणि ‘झालं’ यात फरक आहे, आणि तो फरक भरून काढतो तो मेंढपाळ.

रिचर्ड हॅथवेने मृत्युपत्रात आपली देणी मांडली होती. शेजाऱ्याचे इतके, लाकडाचे इतके, असं करत करत एक ओळ येते: ‘माझा मेंढपाळ टॉमस व्हिटिंग्टन’ याचे ४ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स देणं आहे. मेंढपाळाची एवढी रक्कम धन्याकडे साचलेली, म्हणजे पगार तिथेच ठेव म्हणून राहत असावा. मग वीस वर्षं हा माणूस कागदावरून गायब. २५ मार्च १६०१ ला त्याने स्वतःचं मृत्युपत्र केलं. त्यात स्ट्रॅटफर्डच्या गरिबांसाठी ४० शिलिंग ठेवले आहेत, आणि हे ४० शिलिंग आहेत कुठे? ‘मास्टर विल्यम शेक्सपिअर यांची पत्नी ॲन शेक्सपिअर हिच्या हाती’, तिच्याकडून येणं आहे, ते विल्यमने द्यावं.

१५८१ मध्ये ज्याचे पैसे शॉटरीच्या हॅथवेंकडे होते, त्याचेच पैसे १६०१ मध्ये शेक्सपिअरच्या बायकोकडे आहेत. घरच्या जुन्या गड्याने धन्याच्या लेकीकडे पैसे ठेवावेत, किंवा तिने नड म्हणून त्याच्याकडून घ्यावेत, यात जगावेगळं काही नाही. चरित्रकारांनी मात्र त्यावरून विल्यम बायकोला पैसे देत नव्हता इथपर्यंत मजल मारली आहे. कागदात तसं काही नाही. आपल्या कामाचं एवढंच की एका टोकाला ॲग्नेसचा बाप आणि दुसऱ्या टोकाला ॲन शेक्सपिअर, आणि दोघांना धरून मधे उभा असलेला माणूस एकच.

राहिलं वय. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये तिच्या थडग्यावर पितळी पत्रा आहे: विल्यम शेक्सपिअरची पत्नी ॲन, ६ ऑगस्ट १६२३ रोजी निवर्तली, वय ६७. म्हणजे जन्म १५५६ च्या आसपासचा, लग्नात ती सव्वीस वर्षांची. तिच्या वयाला हा पत्रा सोडून दुसरा आधार नाही. कोरणाऱ्याकडून १ चा ७ झाला असेल, ती ६१ चीच असेल, अशी शंका घेतली गेली आहे. इथे चर्चची वही न बोलता साक्ष देते. ६१ धरलं तर जन्म १५६२ चा होतो, म्हणजे बाप्तिस्मा १५५८ नंतरचा, आणि तो वहीत असायला हवा. तिची बहीण कॅथरिन १५६३ सालात वहीत सापडते, धाकटी भावंडंही सापडतात. ॲग्नेस किंवा ॲन सापडत नाही. ती वही सुरू व्हायच्या आधी जन्मली असेल तर हे अगदी ठीक बसतं. कोऱ्या जागेवर फार भार टाकू नये हे खरं, एखादी नोंद नकलेत गळू शकते. तरी पत्रा आणि वही दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा ६७ न मानण्याचं कारण मला दिसत नाही.

नवऱ्याच्या मृत्युपत्राची मदत होईल असं वाटतं, तर तिथे निराशा. २५ मार्च १६१६ च्या त्या तीन पानांत जावई, नात, बहीण, भाचे, लंडनचे सहकारी सगळे नावानिशी आहेत. बायको एका ओळीत, तीही मागाहून ओळींच्या मधे खुपसलेली: ‘माझ्या बायकोला माझा दुसऱ्या क्रमांकाचा उत्तम पलंग, सामानासह’. नाव नाही. त्या पलंगावर इतकी शाई सांडली आहे की मी आणखी सांडत नाही. बापाच्या मृत्युपत्रात ती ॲग्नेस आहे, नवऱ्याच्या मृत्युपत्रात तिला नावच नाही, आणि ‘ॲन शेक्सपिअर’ असं लिहिलं ते मेंढपाळाने. तिचं स्वतःचं मृत्युपत्र सापडत नाही. तिच्या काळी नवऱ्याच्या संमतीशिवाय सवाष्णीला मृत्युपत्र करता येत नसे, विधवेला करता येई, पण तिने ते केल्याचं दिसत नाही.

दोन पिढ्यांनंतर मात्र हॅथवे आडनाव पुन्हा वर येतं. सुझॅनाची मुलगी एलिझाबेथ ही शेक्सपिअरची वाचलेली शेवटची नात. तिचा पहिला नवरा टॉमस नॅश याने १६४२ च्या मृत्युपत्रात तिघा हॅथवेंना पैसे ठेवले. एलिझाबेथने स्वतः २९ जानेवारी १६७० ला मृत्युपत्र केलं (कागदावर अर्थातच १६६९) आणि ‘माझा नातलग टॉमस हॅथवे’ असं म्हणून त्याच्या मुलींना वाटे दिले. स्ट्रॅटफर्डमधली शेक्सपिअर घराण्याची हेन्ली स्ट्रीटची घरं तिने आजोबांच्या बहिणीच्या वंशाला, हार्टांना, दिली. पुढच्याच महिन्यात ती वारली. मूल नव्हतं, विल्यमचा थेट वंश तिथे थांबला. पण आजीचं माहेर तिच्या लेखी अजून नात्यात होतं, आणि ‘नातलग’ हा शब्द तिथे कुणा वकिलाने शोभेसाठी घातलेला नाही, त्यामागे मोजून दिलेले पैसे आहेत.

न्यायालयात मांडायचं तर हा सगळा परिस्थितिजन्य पुरावा. पण तो चार वेगवेगळ्या हातांनी, चार वेगवेगळ्या कारणांसाठी, एकमेकांना न विचारता लिहिलेल्या कागदांतून येतो, आणि त्यातल्या कुणालाही शेक्सपिअरची सासुरवाडी सिद्ध करायची नव्हती. अशा पुराव्याला मी कुटुंबात तोंडोतोंडी चालत आलेल्या कहाणीपेक्षा कितीतरी वर ठेवीन.

ॲनच्या मागे आणखी एक पिढी जाता येते. त्यासाठी चर्च सोडून जमीनदारीच्या दप्तरात शिरावं लागतं, कारण कूळ बदललं की तिथे नोंद व्हायची. १५४३ साली शॉटरीचं हे घर आणि जमीन जॉन हॅथवे नावाच्या कुळाकडे होती. तो रिचर्डचा बाप असावा. आईकडे मात्र दोरा तुटतो. रिचर्डच्या मृत्युपत्रात बायको जोन आहे, पण ती दुसरेपणाची असावी आणि ॲग्नेस-बार्थोलोम्यू पहिलीची असावीत असं बरेच अभ्यासक मानतात. पहिलीचं लग्न आणि मुलीचा बाप्तिस्मा, दोन्ही १५५८ पूर्वीचे, नक्कल करणाऱ्याने सोडून दिलेल्या वीस वर्षांतले.